खडूनं ‘बेडा’ लिहिणारे काका

परवा एका ओळखीच्या मुलीनं मोठ्या कौतुकानं फोन माझ्या नाकासमोर धरला. मी पूर्वी जिथे काम करत होते त्या ब्रुअरीच्या बिअरबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, "तुपासारखी गुळगुळीत. तोंडात म्हैसूर पाक विरघळल्याचा फील. लाजवाब!" खाली पाच तारे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! अहो, ती बिअर तुपासारखी लागते, कारण ती बिघडलेली आहे. घाईनं काढलेली, अर्धवट, आजारी बिअर आहे ती. तिला तारे कसले देता?

आणि ही बिअर आजारी आहे असं ज्या एका माणसानं आधीच सांगितलं होतं, त्याला आम्ही घरी बसवलं. 'आम्ही' हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही.

मी त्यांना काका म्हणायची. बाकी सगळे 'सार' म्हणायचे, म्हणजे सर. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. घराणं जुन्या म्हैसूरच्या मराठी शिपायांचं. "खापरपणजा घोड्यावर होता, महाराजांच्या फौजेत," असं सांगायचे. "घोडा गेला, तलवार गेली. मराठी तेवढी राहिली, ती पण अर्धी." नंजनगूडच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं चाखण्याच्या खोलीत काढली होती. निवृत्त झाल्यावर, येलवालच्या पुढे हुणसूर रस्त्यावर ही छोटी ब्रुअरी निघाली तेव्हा, मालकानं त्यांना बोलावून घेतलं. गंमत म्हणजे काकांनी आयुष्यात बिअरचा एक अख्खा ग्लास कधी संपवला नव्हता. एक घोट घ्यायचे, तो मात्र गिळायचे, कारण बिअरचा कडूपणा घशात कळतो. मग ग्लास बाजूला. "बिस्किट चाखायला बिस्किटाची भूक लागत नाही, कणम्मा, बाळ," म्हणायचे.

मी सांगलीची. नवऱ्याची बदली म्हैसूरला झाली, माझ्याकडे मायक्रोबायोलॉजीची पदवी होती, म्हणून ब्रुअरीच्या लॅबमध्ये लागले. आई शेजारणींना अजूनही "मुलगी खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे" असंच सांगते. पहिल्या दिवशी मी बाजारातून मोगऱ्याचा गजरा घेऊन, तो माळून कामावर गेले. नवीन गाव, नवीन नोकरी, म्हटलं जरा नीट दिसावं. काकांनी दारातच अडवलं.

"हे काय डोक्यात?"

"गजरा."

"अय्यो! आत तीस ग्लास मांडलेत आणि तू मल्लिगे घालून आलीस? जा, गाडीला बांध जा."

दिवसभर तो गजरा माझ्या स्कूटरच्या आरशावर वाळत पडला. मला इतका संताप आला होता की दुसऱ्या दिवशी मी केसाला तेलसुद्धा न लावता, साबणाशिवाय आंघोळ करून गेले. काका खूश झाले. त्यांचा स्वतःचाही तोच नेम होता. चाखायच्या दिवशी साबण नाही, तेल नाही, सकाळपासून कॉफी नाही. बसमध्ये कुणी अत्तर लावून शेजारी बसला तर उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहायचे आणि तिथून त्या माणसाकडे येलवाल येईपर्यंत रागानं बघत राहायचे.

चाखणं बरोबर अकराला. दोन ग्लासांच्या मध्ये चार चुरमुरे आणि कोमट पाणी. नाक थकलं की हात दुमडून स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचे. "आपला वास आपल्याला माहीत असतो, तिथून परत सुरू करायचं," हे त्यांचं म्हणणं. पाहुण्यांना वाटायचं म्हातारा ढेकर लपवतोय.

त्यांच्यासमोर 'स्मूद', 'रिच', 'नाइस' असे शब्द काढायची सोय नव्हती. एकदा बेंगळुरूहून आलेल्या एकानं ग्लास फिरवत "कॉम्प्लेक्स" असं म्हटलं, तर काका म्हणाले, "ते तुमच्या सोसायटीला म्हणा. इथे वास कसला येतो ते सांगा." त्यांचे स्वतःचे शब्द साधे होते. ओला पुठ्ठा. कच्चा पेरू. उकडलेला मका. विझवलेली काडी. आणि तूप. यातला एकही वास आला की बिअर नापास. कोल्डरूमच्या दाराशी एक पाटी टांगलेली होती, तिच्यावर ते खडूनं एकच शब्द लिहायचे. चांगली असेल तर 'सरी', म्हणजे ठीक. नसेल तर 'बेडा', नको. लिहायचे कानडीत, ठसठशीत. पाटीवर 'सरी' आल्याशिवाय एकही बॅच पुढच्या बारच्या नळाला लागायची नाही, हा त्या जागेचा कायदाच होता. सुरुवातीला मालकालाही त्याचं कौतुक होतं. पाहुण्यांना हात धरून तो ती पाटी दाखवायचा.

पण काकांचा खरा जीव होता तो तीन ग्लासांत. ही परीक्षा ते कारखान्यातून घेऊन आले होते. तीन ग्लास समोर ठेवायचे. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, ते ओळखायचं. ज्याला ओळखता येत नाही, त्यानं त्या दिवशी मत द्यायचं नाही, मग तो मालक का असेना. 'गोत्तिल्ला', माहीत नाही, हे उत्तर चालायचं नाही. बोट एका ग्लासावर ठेवायलाच लागायचं. "एकदा बरोबर आलं तर नशीब असेल, परत दाखव," म्हणायचे. "चुकायला मात्र एकदाच पुरतं."

आणि तिसरा नियम, सगळ्यात मोठा. ओतणाऱ्यावर संशय घ्यायचा नाही. ओतणारा पडद्यामागे ग्लास भरतो, कोणता वेगळा ते चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी दुमडून ट्रेखाली ठेवतो. चाखणारा ती शेवटी उघडतो. "ओतणारा खोटं बोलला तर जीभ कुणाला विचारणार?" काका म्हणायचे. "मग सगळंच सुम्ने. फुकट." तीन महिने माझे हात बघून त्यांनी मला ओतणारी नेमलं. कारणही सांगितलं, "हात हलत नाही तुझा. आणि तोंडावर काही दिसत नाही."

मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मोठ्या टाकीतली एल जातीची बिअर तयार होत आली. गावात गर्दी सुरू झालेली, मालकानं दसऱ्याच्या आठवड्याचे बेत आखून ठेवलेले. काकांनी घोट घेतला, कोपर हुंगलं, पुन्हा घोट घेतला.

"तूप."

गोष्ट सोपी आहे. बिअर आंबताना यीस्ट लोण्यातुपाच्या वासाचं एक द्रव्य तयार करतं आणि थोडे दिवस निवांत सोडलं तर स्वतःच ते परत खाऊन टाकतं. घाईनं टाकी थंड केली, यीस्ट काढून टाकलं, की तो वास तसाच राहतो. काका मालकाला म्हणाले, "टाकी जरा गरम कर. आठ दिवस हात लावू नको. लेकरू आपलं ताट आपण साफ करतं, तू मध्येच उचलतोस कशाला?"

"आठ दिवसांत दसरा होऊन जाईल, सार."

"दसरा दरवर्षी येतो." आणि पाटीवर लिहिलं, 'बेडा'.

मालक वाईट माणूस नव्हता असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! त्यानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी हसत लॅबमध्ये आला. "तुपाचा वास येतो ना? मग नावच 'म्हैसूर पाक एल' ठेवू!" दोष झाकायला लोक काय काय करतात ते मी पाहिलं होतं, पण दोषाचं बारसं करणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होते. मी हसले. हो, हसले. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं.

अडचण एकच होती, पाटी. नोकर, स्वयंपाकी, नेहमी येणारे लोक, सगळ्यांना पाटी ठाऊक होती. मग मालकानं बेत सांगितला. काही पाहुणे बोलवायचे, त्यांच्यासमोर काकांची तीन ग्लासांची परीक्षा घ्यायची. त्यांना सांगायचं की दोन ग्लासांत नवी बिअर आहे, एकात आधीच्या चांगल्या बॅचची. आणि प्रत्यक्षात तिन्ही ग्लास जुन्या चांगल्या केगमधूनच, म्हणजे पिंपातूनच, भरायचे.

"म्हणजे त्यांना तूप सापडणारच नाही," मी म्हणाले.

"नाहीच सापडणार. वय झालंय त्यांचं. मानानं थांबतील. नंतर सांगू ना गंमत होती म्हणून, तेही हसतील."

मी नाही म्हणायला हवं होतं. आज कुणी विचारलं तर मी दहा कारणं सांगेन, नोकरी, घर, दसरा, मालकाचा चढलेला आवाज. सगळी खोटी. खरं कारण हलकं आहे. आठच दिवसांपूर्वी काकांनी मला चार लोकांदेखत तीन ग्लास दिले होते आणि मी चुकले होते. "आज तू बोलायचं नाही. साकु, पुरे," असं म्हणून त्यांनी मला तोंड मिटायला लावलं होतं. पदवीधर मी, आणि बिस्किटं चाखणारा म्हातारा मला गप्प करतो! तो काटा मनात होता. मालक बेत सांगत होता तेव्हा मला थोडं बरंसुद्धा वाटलं.

दुपारी चारची वेळ, काकांच्या अकराची नव्हे, पाहुण्यांच्या सोयीची. पाहुणे फोन सरसावून बसलेले. पडद्यामागे मी एकाच केगमधून तीन ग्लास भरले. माझा हात हलला नाही. चिठ्ठीवर 'पहिला' लिहिलं, दुमडली, ट्रेखाली ठेवली. ट्रे घेऊन बाहेर आले. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नियमच होता तसा.

पहिला घोट. चुरमुरे. दुसरा. पाणी. तिसरा. मग कोपर. मग पुन्हा पहिला. मी त्यांना एका ग्लासावर दोन मिनिटांहून जास्त घालवताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पंधरा मिनिटं गेली. बिअरचा फेस बसला. एक पाहुणा खोकला. काकांचं कपाळ ओलं झालं होतं. मला कळत होतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय. तूप असलेले दोन ग्लास समोर आहेत, ओतणारीनं तसं ओतलंय, आणि मला ते सापडत नाही. ग्लासांवर त्यांना संशय आला नाही, माझ्यावर तर नाहीच. संशय आला तो स्वतःच्या नाकावर. कधीतरी ते मला म्हणाले होते, "जिभेच्या आधी नाक जातं, बाळ. आणि जाताना सांगून जात नाही."

त्यांनी बोट मधल्या ग्लासावर ठेवलं. मग स्वतःच चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा नीट दुमडून ट्रेखाली ठेवली.

कुणीतरी हसलं. मालक मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "होतं असं, सार."

काका उठले. चालत कोल्डरूमच्या दारापर्यंत गेले. 'बेडा' तळहातानं पुसला आणि खिशातल्या खडूनं लिहिलं, 'सरी'. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी. मत द्यायचा हक्क नव्हता मला." छत्री घेतली आणि बसला गेले.

त्या वेळी तोंड उघडायला मला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडावर काही दिसत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं.

म्हैसूर पाक एल दसऱ्यात सगळी संपली. तारे पडले, फोटो पडले. मालकाला इतका हुरूप आला की पुढची बॅचसुद्धा त्यानं मुद्दाम अर्धवट काढली. बिघडवायची कृती लिहून ठेवली! आणि "नंतर सांगू" म्हणणाऱ्या मालकानं नंतर काही सांगितलं नाही. मीही नाही. रोज म्हणायची, रविवारी जाऊ. चार महिने रविवार आले नाहीत.

मग एकदा बाजारात काकांची सून भेटली. दोन्ही हातांत पिशव्या, पण थांबून गप्पा मारायला लागली.

"मामंजी आता किती बदललेत म्हणून सांगू! पहिलं कॉफी थोडी इकडंतिकडं झाली की परत द्यायचे. सारात हिंग जास्त, तांदूळ जुना, एक ना दोन. आता काय दिलं तरी 'चांगलंय' म्हणतात. गप जेवतात. देवानंच केलं बघा."

ती आनंदानं सांगत होती आणि मला ट्रेवरचे ते तीन ग्लास दिसत होते. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. अग्रहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि पुढे ओटा. काका ओट्यावर पेपर वाचत बसले होते. अंगाला साबणाचा वास येत होता. मी बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं. तिन्ही ग्लास एकाच केगचे. चिठ्ठी खोटी. तुमचं नाक ठीक होतं. नवी बॅच तुपकटच होती.

त्यांनी पेपर खाली ठेवला. सून तेवढ्यात कॉफी ठेवून गेली. त्यांनी लोट्यातून एक घोट घेतला आणि थांबले. मग असे ओरडले की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

"चार महिने! चार महिने ही करपलेली कॉफी मी चांगली म्हणून प्यालो! मला वाटलं माझंच तोंड गेलं! अगं, हिनं डबाच बदललाय!"

सून दारात येऊन उभी राहिली. मला रडू आणि हसू एकदमच आलं. पण काका हसत नव्हते. ते माझ्याकडे वळले.

"त्या बॅचचं काय झालं?"

"विकली. संपली."

"कुणाच्या नावावर?"

मी ओट्यावरचा पेपर दुमडायला लागले.

"माझ्या 'सरी'वर विकली, अल्वा, हो ना? माझ्या हातानं लिहिलेल्या?" त्यांचा आवाज खाली आला. "तीस वर्षं कारखान्यात मी खोटा 'सरी' लिहिला नाही. मालकाचा मेव्हणा आला तरी नाही. तो माझ्याकडून लिहवून घेतलात तुम्ही. एकदा मला येडा म्हणून हसला असता, चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी अकराला ते बसनं येलवालला आले. मी स्टॉपवर थांबले होते. माझ्याशी न बोलता चालायला लागले, मी मागोमाग. त्यांना पाटी पुसायची होती, एवढंच. आत गेलो तर कोल्डरूमच्या दारावर पाटी नव्हती. ती काउंटरच्या मागे भिंतीवर होती, लाकडी चौकटीत, वर पिवळा दिवा. त्यांचा तो शेवटचा 'सरी' मालकानं वॉर्निश मारून पक्का करून घेतला होता. लोक तिच्याखाली ग्लास उंचावून फोटो काढायचे.

काकांनी अंगठ्यानं घासून पाहिलं. निघाला नाही. थुंकी लावून घासलं. मी रुमाल दिला, तो त्यांनी घेतला नाही. मालक धावत आला, "सार, सार, किती दिवसांनी! बसा ना." काकांनी खिशातून खडू काढला आणि पाटीशेजारच्या भिंतीवर, नव्या रंगावर, हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बेडा'. खडू काउंटरवर ठेवला. दोन गिऱ्हाइकांनी त्याचाही फोटो काढला. कशाचा फोटो काढतोय हे त्यांना माहीत असायची गरजच नव्हती.

आम्ही बसस्टॉपवर येईपर्यंत आत ओला कपडा फिरला असणार. मी त्याच दिवशी नोकरी सोडली. त्याबद्दल कुणी माझं कौतुक करू नये, चार महिने उशीर झाला होता.

आता मी जवळजवळ दर रविवारी काकांकडे जाते. साबण न लावता जाते. ते सुनेच्या सारातला हिंग मोजतात, सून त्यांना मोजते, घर पुन्हा भांडतंय. मला कॉफी मिळते, बोलणी बसतात, कच्च्या पेरूचा वास कशाकशात येतो त्यावर तासभर व्याख्यान मिळतं. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही.

पहिल्या रविवारी जेवायला बसलो तेव्हा, जुन्या सवयीनं, मी तांब्या उचलून त्यांच्या पेल्यात पाणी ओतायला गेले. त्यांनी पेल्यावर हात ठेवला. रागानं नाही, बोलता बोलताच. मग माझ्या हातातून तांब्या घेतला आणि आपलं पाणी आपण ओतून घेतलं. त्याला आता दोन वर्षं होतील. अजूनही आपलं पाणी ते आपणच ओतून घेतात.